सॅलिसबरी कुठलं: टेकडीवरचं की नदीकाठचं?

१०८६ साली इंग्लंडचा राजा विल्यम द कॉन्करर याने देशातल्या बड्या जमीनदारांना सॅलिसबरीला बोलावून निष्ठेची शपथ घ्यायला लावली, असं इतिहासात वाचायला मिळतं. वाचताना डोळ्यांसमोर येतं ते फोटोंतलं प्रसिद्ध कॅथेड्रल, त्याचा तो आभाळात घुसलेला मनोरा. पण त्या काळी त्या जागी कॅथेड्रल नव्हतं आणि शहरही नव्हतं. शपथविधी झाला तो तिथून उत्तरेला तीनेक किलोमीटरवर, आज ज्याला ओल्ड सॅरम म्हणतात त्या टेकडीवर. १२२० च्या आधीचं सॅलिसबरी म्हणजे ही टेकडी आणि नंतरचं म्हणजे खालचं शहर, एवढं ध्यानात ठेवलं की बराचसा घोळ मिटतो.

टेकडीवर लोहयुगापासूनचा मातीचा कोट होता. विल्यमबरोबर फ्रान्समधल्या नॉर्मंडीतून आलेल्या नॉर्मन लोकांनी त्यात किल्ला बांधला आणि १०७५ च्या सुमारास बिशपची गादीही शेरबोर्नहून इथे आली. बिशप ऑसमंडने कॅथेड्रल उभं केलं, १०९२ मध्ये त्याचा अभिषेक झाला आणि पाचच दिवसांत वादळाने त्याची नासधूस केली. जुनं कॅथेड्रल या वादळात गेलं, असा एक समज त्यामुळे पसरलेला दिसतो. तो चुकीचा आहे. पुढे बिशप रॉजरने ते दुरुस्त करून चांगलं वाढवलं आणि ते शतकाहून अधिक काळ नांदलं.

ते संपलं ते माणसांमुळे. एकाच कोटात एकीकडे किल्ल्यावरचे शिपाई, दुसरीकडे पाद्री, आणि दोघांचं पटेना. त्यात पाण्याची बोंब, वर वारा असा की प्रार्थना ऐकू येत नाही ही पाद्र्यांची तक्रार. शेवटी पोपची परवानगी काढून बिशप रिचर्ड पूअरने २८ एप्रिल १२२० रोजी खाली एव्हन नदीजवळच्या कुरणात नवा पाया घातला. बाण सोडला, तो हरणाला लागला आणि हरीण पडलं तिथे कॅथेड्रल बांधलं, ही कथा गोड आहे. पण जमीन बिशपच्याच मालकीची होती, हे कारण मला जास्त पटतं.

१२२६ मध्ये ऑसमंड आणि रॉजर यांचे अवशेषही खाली आणले गेले. पुढे जुन्या इमारतीचे दगडही उतरवले. कॅथेड्रलच्या आवाराची भिंत नीट पाहिली तर मधेच नॉर्मन कोरीवकामाचे तुकडे उलटसुलट बसवलेले दिसतात. टेकडीवर आता गवतात फक्त पायाचा आराखडा उरलाय.

नवं कॅथेड्रल १२५८ पर्यंत जवळजवळ पुरं झालं. इतकं झटपट झाल्याने त्याची शैली एकसारखी आहे. इतर बऱ्याच कॅथेड्रलांत शतकाशतकाची ठिगळं दिसतात. पाया मात्र जेमतेम सव्वा मीटर, तोही पाणथळ जागेतल्या खडीच्या थरावर. आजही फरशीतल्या भोकातून काठी घालून खालच्या पाण्याची पातळी पाहतात. अशा पायावर चौदाव्या शतकात १२३ मीटर उंचीचा मनोरा चढवला! सुमारे साडेसहा हजार टनांचा तो भार आला आणि खालचे खांब वाकले. ते वाकलेपण नुसत्या डोळ्यांनी दिसतं. इथे ठेवलेली मॅग्ना कार्टाची, म्हणजे राजाच्या सत्तेला मर्यादा घालणाऱ्या सनदेची, प्रत १२१५ ची, म्हणजे इमारतीपेक्षा वयाने मोठी.

वस्ती उठल्यावरही टेकडीचं राजकारण मात्र उठलं नाही. ओसाड ओल्ड सॅरम ब्रिटिश संसदेत दोन खासदार पाठवत राहिलं. ज्याची जमीन, त्याचे खासदार. १६९१ मध्ये ही जमीन थॉमस पिटने विकत घेतली. हाच पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला आणि गोवळकोंड्याच्या खाणींतला जगप्रसिद्ध रीजंट हिरा त्याने मिळवला. हिऱ्याच्या पैशांतून जागा घेतली असं म्हणायचा मोह होतो, पण सालं जुळत नाहीत. जागा आधीची, हिरा नंतरचा. पुढे पंतप्रधान झालेला त्याचा नातू विल्यम पिट १७३५ मध्ये संसदेत शिरला तो इथूनच. १८३२ च्या सुधारणा कायद्याने हा प्रकार बंद झाला. खालच्या शहराचं कागदोपत्री नाव मात्र २००९ पर्यंत न्यू सॅरम असंच होतं.