मोटरसायकलच्या चेनला ढील का हवी?

चेन खडखडायला लागली की सल्ला ठरलेला असतो: ओढून टाइट करून घ्या. पिकअपही सुधारेल, अशी पुस्तीही त्याला जोडली जाते. आवाज बंद होतो हे खरं. पण घट्ट चेन ढिल्या चेनपेक्षा जास्त नुकसान करते, आणि ते गिअरबॉक्सच्या बेअरिंगमध्ये चाललेलं असल्यामुळे लवकर कळतही नाही. पिकअपचा तर इथे संबंधच नाही. गाडी जोर घेते तेव्हा चेनची वरची बाजू इंजिनच्या ओढीनेच ताठ होते. ढील उरते ती खालच्या बाजूला, आणि जोर घेताना त्या बाजूने ताकद जात नसते.

मग ढील ठेवायचीच कशाला? चेन आणि स्प्रॉकेट (दातेरी चाक) हा भाग सायकलसारखाच आहे, पण मोटरसायकलचं मागचं चाक स्विंगआर्मवर, म्हणजे वर-खाली हलणाऱ्या मागच्या दांड्यावर, बसवलेलं असतं आणि खड्ड्यागणिक वर-खाली होतं. स्विंगआर्म ज्या खिळीभोवती फिरतो ती खिळी आणि पुढच्या स्प्रॉकेटचा मध्य या दोन वेगळ्या जागा आहेत. खिळी स्प्रॉकेटच्या काही सेंटिमीटर मागे असते. दोन्हींचा मध्य एकच असता तर चाक कितीही हललं तरी दोन स्प्रॉकेटमधलं अंतर तेच राहिलं असतं. तसं नसल्यामुळे हे अंतर बदलत राहतं, आणि पुढच्या स्प्रॉकेटचा मध्य, खिळी आणि मागचा एक्सल (मागच्या चाकाचा आस) हे तिन्ही बिंदू एका सरळ रेषेत आले की ते सर्वांत जास्त होतं. चेनची सर्वांत ताठ अवस्था ती.

आकडे घालून बघू. स्प्रॉकेटच्या मध्यापासून खिळी ८० मि.मी. आणि खिळीपासून एक्सल ५२० मि.मी. धरा. तिन्ही एका रेषेत असतील तर अंतर ६०० मि.मी. उभ्या गाडीत स्विंगआर्म त्या रेषेपासून ७ अंश खाली कललेला असेल तर त्रिकोणाच्या हिशोबाने अंतर ५९९.४८ येतं. म्हणजे चाक सुमारे ६३ मि.मी. वर गेलं, पण दोन स्प्रॉकेटमधलं अंतर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरने वाढलं. चेनच्या वर-खाली अशा दोन बाजू असल्याने चेनमधून लागणारी जादा लांबी झाली सुमारे १ मि.मी.

एक मिलिमीटरसाठी एवढा खटाटोप? खरी गंमत पुढेच आहे. चेनची खालची बाजू मधोमध धरून २० मि.मी. वर आणि २० मि.मी. खाली हलत असेल, म्हणजे एकूण ढील ४० मि.मी. असेल, तर त्या बाजूत प्रत्यक्ष जादा चेन किती आहे? पायथागोरस लावा. पाया ३०० (६०० चा अर्धा), उंची २०, म्हणून कर्ण ३००.६७. असे दोन कर्ण मिळून ६०१.३३. म्हणजे हाताला भरपूर वाटणाऱ्या ४० मि.मी. ढिलीमागे फक्त १.३३ मि.मी. चेन शिल्लक असते. ढील ही जादा लांबीच्या वर्गमूळाच्या प्रमाणात बदलते, म्हणून लांबीतला किंचित फरक ढिलीत मोठा होऊन दिसतो.

या वर्गमुळाचा परिणाम पान्यापर्यंत पोचतो. चेन घट्ट करायला मागचा एक्सल मागे सरकवणारा स्क्रू म्हणजे अ‍ॅडजस्टर. अ‍ॅडजस्टरचा आटा एम ८ असेल तर नटाच्या एका पूर्ण फेऱ्यात एक्सल १.२५ मि.मी. मागे सरकतो, पाव फेऱ्यात सुमारे ०.३१. एक्सल जेवढा सरकतो त्याच्या दुप्पट जादा लांबी संपते. म्हणून पहिल्या पाव फेऱ्यात ४० ची ढील २९ वर येते, दुसऱ्या पाव फेऱ्यात १० च्या आसपास, आणि तिसऱ्यात चेन पूर्ण ताठ. दुसरा पाव फेरा पहिल्यापेक्षा जास्त ढील खातो. "अजून थोडीशी" म्हणून दिलेला शेवटचा झटका घातक ठरतो तो यामुळे. आपल्या उदाहरणातल्या गाडीला रेषेत येण्यासाठी १ मि.मी. हवा होता, ४० ढील असताना तो होता आणि वर थोडा उरत होता. २९ ढील म्हणजे शिल्लक ०.७ मि.मी., जी पुरत नाही. उभ्या गाडीत ती चेन बोटाला मऊच लागेल, पण मोठ्या खड्ड्यात ताठ होईल.

ताठ झाली तर काय होतं, हेही त्याच त्रिकोणातून निघतं. कपडे वाळत घालायची दोरी जितकी ताणून बांधाल तितका मधल्या ओल्या चादरीचा भार दोन्ही टोकांच्या खिळ्यांवर अनेक पटींनी येतो. चेनचंही तेच. वरच्या मापांच्या गाडीत रेषेला ४ अंश बाकी असतानाच चेन ताठ झाली, तर चाकाला खालून बसलेल्या धक्क्याच्या ५० पटींहून जास्त ओढ चेनच्या प्रत्येक बाजूत तयार होऊ शकते. ती झेलतात गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टचं बेअरिंग, त्याच्या बाहेरचं ऑइल सील आणि मागच्या हबचं बेअरिंग. पुढच्या स्प्रॉकेटमागून ऑइल झिरपू लागलं की लोक सील बदलतात आणि चेन तशीच घट्ट ठेवतात. मग नवं सीलही टिकत नाही.

अति ढिली चेनही चालत नाही, हे सांगायला फार शब्द नकोत. ती स्विंगआर्मवर आपटते, दात सोडते, आणि पुढच्या स्प्रॉकेटवरून उतरून इंजिनच्या केसिंगमध्ये अडकली तर मागचं चाक जागेवर जाम होतं.

आता प्रत्यक्ष काम. ढिलीचा आकडा गाडीच्या मॅन्युअलमधून किंवा स्विंगआर्मवरच्या स्टिकरवरून घ्यावा. रस्त्यावरच्या गाड्यांना बहुधा २० ते ४० मि.मी. च्या दरम्यान असतो, उंच सस्पेन्शनच्या गाड्यांना त्याहून जास्त. मोजताना गाडी साइड स्टँडवर हवी की मेन स्टँडवर, हेही तिथेच लिहिलेलं असतं आणि ते पाळावं लागतं, कारण मेन स्टँडवर चाक लोंबतं आणि स्विंगआर्मचा कोन बदलतो. चेन थंड असताना मोजा. १२० कड्यांची ४२८ नंबरची चेन सुमारे दीड मीटर लांब असते. ती ३० अंशांनी तापली तर अर्ध्या मिलिमीटरहून जास्त वाढते. गरम चेन बरोबर मापात बसवली, तर थंड झाल्यावर ती घट्ट निघेल.

गाडी न्यूट्रलमध्ये घ्या, इंजिन बंद ठेवा. चालू इंजिनला गिअर टाकून चाक फिरवत चेन साफ करणाऱ्यांची बोटं स्प्रॉकेटमध्ये गेली आहेत. हे काम हातानेच चाक फिरवून करायचं. खालच्या बाजूला मधोमध स्टीलची पट्टी उभी धरा, चेन बोटाने वर ढकला, मग खाली ओढा, आणि एकाच पिनचा वरचा-खालचा फरक वाचा. चाक थोडं थोडं फिरवत चार-पाच ठिकाणी तेच करा. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, म्हणून आकडे वेगळे येतील. जिथे ढील सर्वांत कमी, तिथेच माप बसवायचं. फरक फारच मोठा असेल किंवा एखादी कडी वाकतच नसेल, तर अ‍ॅडजस्टरने काही साधणार नाही.

कॉटर पिन (नट फिरू न देणारी पिन) असल्यास काढा आणि एक्सल नट ढिला करा, पूर्ण काढू नका. ड्रम ब्रेक असेल तर काही गाड्यांत ब्रेक प्लेटच्या टॉर्क आर्मचा (प्लेटला चाकाबरोबर फिरू न देणाऱ्या दांड्याचा) नटही सैल करावा लागतो. अ‍ॅडजस्टरचे लॉक नट सोडून दोन्ही बाजू सारख्याच, एका वेळी पाव फेऱ्याहून कमी फिरवा आणि दर वेळी मोजा. स्विंगआर्मवरच्या खुणा दोन्हीकडे जुळल्या पाहिजेत, पण त्यांच्यावर पूर्ण भरवसा नको. खिळीच्या मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजलेलं बरं. चाक तिरपं राहिलं तर स्प्रॉकेटच्या दातांची एकच बाजू चकाकू लागते.

नट आवळण्याआधी मागच्या स्प्रॉकेट आणि चेनच्या खालच्या बाजूमध्ये जाड फडक्याची घडी घालून चाक किंचित पुढे फिरवा. एक्सल पुढे खेचला जाऊन अ‍ॅडजस्टरला टेकतो. मग मॅन्युअलमधल्या टॉर्कला (आवळण्याच्या ठरलेल्या जोराला) नट आवळा, फडकं काढा आणि ढील पुन्हा मोजा. आवळताना ती बऱ्याचदा दोन-पाच मिलिमीटरने बदलते. लॉक नट आणि टॉर्क आर्म घट्ट करून नवी कॉटर पिन घाला. रॉडचा ड्रम ब्रेक असेल तर चाक मागे गेल्याने पेडलचा प्ले (मोकळी हालचाल) कमी झालेला असतो; तो जुळवला नाही तर ब्रेक घासत राहतो.

चेन वरचेवर ढिली का होते? लोखंड रबरासारखं ताणलं जातं म्हणून नाही. प्रत्येक सांध्यात पिन आणि बुश (तिच्याभोवतीची नळी) एकमेकांवर घासून झिजतात. सांध्यामागे फक्त ०.०१ मि.मी. झीज धरली तरी १२० सांध्यांत १.२ मि.मी. होते, आणि वरच्या वर्गमुळाने ४० ची ढील ५५ वर जाते. "हा स्प्रे मारा, चेन कधी अ‍ॅडजस्ट करावी लागणार नाही" अशा जाहिराती म्हणूनच निरर्थक आहेत. वंगण झीज मंदावतं, झिजलेली पिन भरून काढत नाही. ओ-रिंगच्या (सांध्यांत रबरी रिंगा असलेल्या) चेनमध्ये तर पिनपाशी ग्रीस कारखान्यातच सीलबंद केलेलं असतं. बाहेरचं ऑइल रबरी रिंगा आणि रोलर यांच्यासाठी. तिथे पेट्रोल आणि तारेचा ब्रश वापरला तर रिंगा खराब होतात आणि आतलं ग्रीस निघून जातं.

झीज मोजायची तर चेन ताठ धरून २१ पिनांमधलं, म्हणजे २० कड्यांचं अंतर घ्या. ४२८ च्या नव्या चेनमध्ये ते २५४ मि.मी., ५२० मध्ये ३१७.५ मि.मी. मर्यादा मॅन्युअलमध्ये असते. ती नसेल तर १ टक्का वाढ, म्हणजे ४२८ साठी सुमारे २५६.५, ही बदलण्याची खूण धरावी. पट्टी हाताशी नसेल तर मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन पकडून मागे ओढा. अर्धा दात उघडा पडला तर चेन संपली. मग दोन्ही स्प्रॉकेटसह पूर्ण सेट बदला, कारण जुन्या चेनने दात स्वतःच्या वाढलेल्या मापाला घासून ठेवलेले असतात आणि त्यांच्यावर नवी चेन लवकर खराब होते. नव्या चेनला क्लिपचं लॉक असेल तर क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला ठेवा.