भाताचं शिवार, मशागत आणि ‘कोळी’ नावाचा घोळ: थोडी पार्श्वभूमी

बेळगावच्या सीमाभागात भाताच्या दोन तऱ्हा आहेत, येळ्ळूर-शहापूरकडं जास्त करून धूळवाफ पेरणी, म्हणजे कोरड्या मातीत बी टाकणं, आणि खानापूरच्या वरच्या अंगाला, जांबोटी-कणकुंबीकडं पाऊस दणकून पडतो म्हणून चिखल करून रोप लावण. हे इथं कुणाला सांगायला नको. बैलाचा नांगर, कुळव, कुरी हा काळ पिढ्यान्‌पिढ्या चालला, पण त्यावेळी मातीतले माइट, म्हणजे कोळ्याच्या जातकुळीतले अगदी बारके जीव, मोजायला कोण बसलं होतं? मातीचं ढेकूळ चाळणीवर ठेवायचं, वरून बल्ब लावायचा, ऊब लागली की जीव खाली सरकत बाटलीत पडतात, ही नरसाळ्याची पद्धत १९०५ च्या सुमाराची, तीही युरोपातली, आणि बल्ब तर त्यात आणखी काही वर्षांनी आला. आणि शेतातली पुढची बरीच मोजणी झाली ती गहू-मक्याच्या रानात. भाताची पाळी उशिरा आली.

खरा घोळ नावाचा आहे आणि त्यात आपल्याकडं तर दुप्पट घोळ आहे. माइटला मराठीत कोळी म्हणतात. जाळं विणतो तोही कोळी, भाताचं पान पांढुरकं करतो तोही कोळी, पानाच्या आवरणात लपून दाणे पोचट करतो तोही कोळी, आणि दुकानात बाटलीवर काय लिहिलेलं असतं, तर ‘कोळीनाशक’. कन्नडमध्ये जाळंवाल्याला जेड आणि माइटला नुसी असे दोन वेगळे शब्द आहेत, पण ‘नुसी’ म्हटलं की लोकांना माइटमुळं होणारा नारळाचा रोगच आठवतो, १९९८ ला केरळात सापडला आणि मग इकडं कर्नाटकातही पसरला तो. म्हणजे शेतकऱ्यानं मराठी कागद वाचला काय आणि कन्नड वाचला काय, माइट म्हणजे मारायची वस्तू एवढंच डोक्यात बसतं. मातीतले बहुतेक माइट पिकाला हातसुद्धा लावत नाहीत. काही बुरशी आणि कुजलेला धसकट-पाला खातात, काही सूत्रकृमी नि दुसऱ्या बारक्या किड्यांवर जगतात. मिरगाचा किडा, तो लाल मखमली, पोरं तळहातावर घेऊन बसायची, तोपण मातीतला माइटच आहे, त्याला कुणी कोळी म्हणून कधी मारला का? माझं म्हणणं, ‘मातीतला माइट’ असा वेगळा शब्द सरळ वापरावा, नाहीतर मशागतीची चर्चा सुरू व्हायच्या आधीच चुकीच्या वाटेला लागते.

आता मशागतीचं. हे जीव बहुतेक मिलीमीटरपेक्षा लहान आणि बीळ खणत नाहीत, आहे त्या भेगा-छिद्रांतून फिरतात, तेही जास्त करून वरच्या चार बोटं मातीत. नांगर धसकट खाली गाडतो, ट्रॅक्टरमागचा फिरत्या पात्यांचा रोटर माती पिठासारखी करतो, चिखलणीत तर छिद्रंच मोडतात आणि वर पाणी उभं. बुरशी खाणारे कडक कवचाचे माइट हळू वाढतात, काहींची वर्षाला एखाददुसरीच पिढी होते, त्यामुळं त्यांना परत सावरायला वेळ लागतो, आणि शेणखतावर पटापट वाढणारे मऊ अंगाचे लवकर परत येतात. म्हणून नुसती संख्या बघून चालत नाही, कोण राहिलं ते बघावं लागतं. काही जाती अंगाभोवती हवेचा पातळ थर धरून पाण्याखालीही तग धरतात. बांध मात्र नांगराखाली येत नाही, पाणी ओसरलं की रान परत भरायला तिथलेच जीव कामी येतात, आणि आपण काय करतो, तर दरवर्षी बांध टोकरतो.

ट्रॅक्टर आणि रोटर गावोगाव झाल्यापासून चित्र जास्त बदललं. बैलजोडीच्या पाळ्या मोजक्या असायच्या, रोटर एका दिवसात दोनदा फिरतो. आता लावणीला माणसं मिळत नाहीत म्हणून धूळवाफ पेरणीकडं लोक वळायला लागलेत आणि ‘चिखल नाही म्हणजे माती वाचली’ असं बोललं जातं, ते अर्धंच खरं आहे, कारण धूळवाफेला उन्हाळ्यात नांगरट, कुळवणी, वर रोटर सगळं येतंच, फक्त पाण्याशिवाय. मशागत कमी करावी तर तण माजतं, भांगलणीला माणसं कुठली, मग तणनाशक आलं. भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर मसूर किंवा वाटाणा घेतात ती वेळ मला महत्त्वाची वाटते. पाणी आटलेलं असतं, मातीत परत हवा खेळायला लागलेली असते, माइट वाढायला लागतात ते तेव्हाच, आणि नेमका त्याच वेळी मसुरीसाठी परत रोटर मारला जातो.