थर्मोस्टॅट काढला की गाडी तापायची थांबते?

“जुनी पिकअप गरम होते? थर्मोस्टॅट काढून टाका, इंजिन कायम थंड राहील.” बेळगाव, खानापूर, निपाणीकडे हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. सपाट रस्त्यावर तापमानाचा काटा खाली आलेला दिसतोही, त्यामुळे तो पटणं साहजिक आहे.

थर्मोस्टॅट ही नुसती झडप. इंजिन थंड असताना ती पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही, साधारण ८० ते ९० अंशांना उघडते. पाणी थंड करायचं काम रेडिएटरचं. तोच आतून गंजाने किंवा बाहेरून चिखलाने बुजला असेल, तर भाजी भरून चोर्ला घाट चढताना गाडी पुन्हा तापणारच. शिवाय झडपेविना इंजिन नीट गरम व्हायला वेळ लागतो आणि डिझेल जास्त जातं.

झडप अडकलीय का, हे घरीच कळतं. ती दोरीला बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडा आणि पाणी तापवा. उकळी यायच्या आधी उघडली तर ती चांगली आहे, तीच परत बसवा. उघडली नाही तर नवी घाला, पण जागा रिकामी ठेवू नका.

मग गाडी केव्हा तापते ते बघा. उभी असताना तापून पळताना उतरत असेल, तर फॅन आणि बेल्ट तपासा. चढाला, वजनावर तापत असेल, तर आधी रेडिएटर. रेडिएटरचं झाकण मात्र इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच उघडा. गरम असताना उकळतं पाणी तोंडावर उडतं. बाहेर कुठे गळती नसताना पाणी कमी होतंय, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय, तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिन आणि त्याच्या वरच्या हेडमधल्या सीलचा, संशय घ्या. सेकंडहँड गाडीचा सौदा ठरवण्याआधी हे मेकॅनिककडून बघून घ्याच.