घरदुरुस्ती स्वयंसेवा (दीर्घकालीन)

पैसा, शरीरबळ किंवा माहिती नसल्यामुळे ज्या कुटुंबांना राहत्या घराची डागडुजी करता येत नाही, त्यांच्यासाठी ते काम काही महिने किंवा काही वर्षे सलग, मजुरी न घेता करण्याची पद्धत. संस्थेकडून निर्वाहभत्ता किंवा राहण्याची सोय मिळाली, तरी ही स्वयंसेवाच मानतात. नवे घर बांधून देण्यापेक्षा हे काम अधिक अवघड म्हणावे लागेल. मोकळ्या जागेवर काटकोन हवा तसा धरता येतो. जुन्या घरात एखादीच भिंत ओळंब्यात सापडते, आणि दुरुस्ती चालू असताना माणसे त्याच घरात जेवत-झोपत असतात.

या कामाची आधुनिक परंपरा पहिल्या महायुद्धानंतरच्या पडझडीतून सुरू होते. १९२० साली स्विस शांततावादी अभियंता पिएर सेरेसोल यांनी फ्रान्समध्ये व्हर्दंजवळच्या एन या उद्ध्वस्त गावात एक छोटी तुकडी नेली. कालपर्यंत शत्रू असलेल्या जर्मनीतील माणसेही तिच्यात होती. हेच सेरेसोल १९३४ च्या भूकंपानंतर बिहारमधील खेडी पुन्हा उभी करण्याच्या कामासाठी भारतात आले. अमेरिकेत १९६९ साली ग्लेन एव्हान्स या धर्मोपदेशकांनी ॲपलेशियाच्या डोंगराळ भागात घरदुरुस्तीचा उपक्रम सुरू केला. घर अधिक उबदार, अधिक सुरक्षित आणि अधिक कोरडे व्हावे, एवढेच त्याचे उद्दिष्ट. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ने घर मिळणाऱ्या कुटुंबानेही बांधकामात श्रमाचा वाटा उचलावा, ही रीत जगभर नेली. ‘अमेरिकॉर्प्स’ या अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवा योजनेमध्ये पूर्णवेळ सेवेची मुदत साधारण १,७०० तासांची असते.

ॲपलेशियातील उपक्रमाच्या उद्दिष्टातला ‘कोरडे’ हा शब्द सर्वांत महत्त्वाचा. घर खचते ते बहुतेक वेळा पाण्यामुळे. ते छपरातून येते, तुंबलेल्या पन्हळीतून भिंतीत उतरते, नळाच्या सांध्यातून झिरपते, जमिनीतून ओल होऊन वर चढते. छताला डाग जिथे पडतो तिथेच गळती असते असे नाही. वाशावरून घरंगळत आलेले पाणी भलत्याच खोलीत टपकते, आणि नवखा माणूस डागाखालीच ठिगळ लावतो. म्हणून आधी छप्पर, मग पाण्याचा निचरा, मग कुजलेली लाकडी जमीन व तुळया, आणि रंग सर्वांत शेवटी, असा क्रम ठेवावा लागतो. ओल्या भिंतीवर दिलेल्या रंगाचे पोपडे लवकरच निघतात. दोन-चार दिवसांसाठी आलेल्या गटाच्या वाट्याला बहुधा रंगकामच येते. मूळ दुखणे शोधायला तेच घर कोरड्या ऋतूत आणि भर पावसात, दोन्ही वेळा पाहिलेला माणूस लागतो. दीर्घकाळ राहणाऱ्या स्वयंसेवकाची खरी गरज इथे आहे. पाहणी करणे, सामानाचा अंदाज काढणे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गटांना एकाच कामाच्या धाग्यात ओवणे हे त्याच्याकडे असते.

काही कामांत हौशी हात घातक ठरतात. जुन्या रंगात शिसे असू शकते (अमेरिकेत घरगुती रंगांतील शिशावर १९७८ मध्ये बंदी आली). तो कोरडाच खरवडला तर विषारी धूळ उडते, आणि तिचा सर्वाधिक धोका लहान मुलांना असतो. ॲस्बेस्टॉसचे पत्रे फोडू किंवा भोसकू नयेत. विजेचे व गॅसचे काम परवानाधारकाकडेच द्यावे. चाकाच्या खुर्चीसाठी उतार करताना एक फूट उंचीला किमान बारा फूट लांबी धरतात. जागा अपुरी आहे म्हणून तो तीव्र केला, तर ज्याच्यासाठी बांधला त्यालाच वापरता येत नाही.

कोणते काम आधी, यावर घरच्यांचे मत निर्णायक असले पाहिजे. स्वयंसेवकाला छप्पर दिसते. एकट्या राहणाऱ्या वृद्धेला मात्र न लागणारी दाराची कडी आधी हवी असते, आणि तिचे बरोबर असते. घरातली सर्वांत वाईट खोली परक्याला उघडून दाखवणे सोपे नसते. पुष्कळदा ती दुसऱ्या-तिसऱ्या भेटीतच उघडते.

मालकीची कागदपत्रे नसलेली घरे अनेक योजनांबाहेर राहतात. भाड्याच्या घरात दुरुस्तीनंतर भाडे वाढून तेच कुटुंब बाहेर पडण्याचा धोका असतो. त्यामुळे घरमालकाशी आधी लेखी करार करणे श्रेयस्कर. काम संपल्यावर काय बदलले, नळाचा मुख्य कॉक कुठे आहे, पन्हळ कधी साफ करायची, याची टिपणे घरच्यांना दिली जातात. पहिल्या मोठ्या पावसानंतर स्वयंसेवक पुन्हा तिथे जातो आणि छताला खालून हात लावून पाहतो.