दोन सुखवादी: एक दरबारातला, एक बागेतला

‘खा, प्या, मजा करा’ हे कुणाचं तत्त्वज्ञान, असं विचारलं की लोक बेधडक ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसचं नाव घेतात. बिचाऱ्याच्या गळ्यात ही माळ दोन हजार वर्षं पडून आहे. प्रत्यक्षात या माणसाचं भागायचं साध्या पावावर आणि पाण्यावर. त्यानं एकदा पत्रात लिहिलं होतं की चीजचं एक लहानसं भांडं पाठवून दे, म्हणजे मनात येईल तेव्हा मेजवानी करता येईल. ज्याची मेजवानी चीजच्या भांड्यात आटोपते, त्याला चंगळवादी म्हणायचं तरी कसं?

हा शिक्का ज्याला थोडाफार शोभला असता, तो अरिस्टिपस. एपिक्युरसच्या सुमारे शंभर वर्षं आधीचा. आजच्या लिबियात सायरीन नावाची ग्रीक वसाहत होती, तिथला. सॉक्रेटिसची कीर्ती ऐकून तो अथेन्सला आला आणि त्याच्या शिष्यांमध्ये शिकवण्याचे पैसे घेणारा पहिला ठरला. त्याच्या मागून जो पंथ उभा राहिला तो सायरेनाइक. चांगलं जगणं म्हणजे सुखानं जगणं, हे दोघांनाही मान्य. एवढ्यावरून दोघांना एकाच पंगतीला बसवलं जातं आणि तिथेच घोटाळा होतो.

अरिस्टिपसचे किस्से मजेदार आहेत. सिराक्यूजचा हुकूमशहा डायोनिसियस त्याच्या तोंडावर थुंकला तेव्हा तो म्हणाला म्हणे, की कोळी एवढ्याशा मासळीसाठी अंगावर समुद्राचं पाणी घेतात, मग मी एवढं का सोसू नये? भाजी धूत बसलेला डायोजेनिस, म्हणजे फकिरीत राहणारा तत्त्वज्ञ, त्याला म्हणाला, ‘हे खायला शिकला असतास तर राजांची हांजी हांजी करावी लागली नसती.’ अरिस्टिपसचं उत्तर तयारच होतं: ‘माणसांत वावरायला शिकला असतास तर भाजी धुवावी लागली नसती.’ हे किस्से डायोजेनिस लाएर्टियस नावाच्या (भाजीवाल्याहून वेगळ्या) चरित्रकारानं पाच-सहा शतकांनंतर नोंदवलेले आहेत, तेव्हा त्यांच्या खरेपणाबद्दल कुणी पैज लावू नये. पण त्यातला एक मला फार महत्त्वाचा वाटतो. लाइस नावाच्या प्रसिद्ध गणिकेशी असलेल्या संबंधावरून लोक टोचून बोलले, तेव्हा तो म्हणाला, ‘ती माझ्या ताब्यात आहे, मी तिच्या नाही.’ म्हणजे हासुद्धा नुसता भोगी नव्हता. सुखापासून पळणाऱ्यापेक्षा, सुख घेऊनही त्याच्या आहारी न जाणारा माणूस त्याला मोठा वाटे.

खरा फरक सुख कशाला म्हणायचं इथे आहे.

सायरेनाइकांच्या मते सुख ही एक हालचाल आहे. शरीरात मृदू हालचाल झाली की सुख, खडबडीत झाली की दुःख. दोन्ही नसेल तर ती मधली अवस्था, झोपलेल्या माणसासारखी. तिला सुख म्हणायचं कारण नाही. एपिक्युरस नेमकं याच्या उलट सांगतो. तहान लागलेल्या माणसाला पाणी पिताना जे वाटतं ते एक सुख खरं. पण तहान भागल्यावर, काहीच टोचत नसताना, जी स्वस्थता असते ती वरची पायरी. दुःख पूर्ण गेलं की सुखाची कमाल झाली. त्यापुढे सुखात विविधता आणता येईल, वाढ होणार नाही. शरीराला वेदना नाही आणि मनाला अस्वस्थता नाही, बस्स, मुक्काम आला. यावर सायरेनाइकांचा टोमणा होता की ही तर प्रेताची अवस्था! टोमणा झोंबणारा आहे, आणि एपिक्युरसच्या बाजूनं त्याला सहज उत्तर देता येतं असं मला वाटत नाही.

पण एकदा ही व्याख्या घेतली की बाकीचं आयुष्य आपोआप वेगळ्या वळणाला लागतं. सुख क्षणातच असेल तर आजचा क्षण महत्त्वाचा. उद्याचा हिशेब मांडत बसण्यात अर्थ नाही. सायरेनाइक इतके पुढे गेले की सगळ्या आयुष्याचं मिळून होणारं ‘सुखी जीवन’ हे त्यांनी ध्येयच मानलं नाही. ध्येय ते एकेक सुख. उलट दुःख नसणं हेच सुख असेल, तर कोणती इच्छा पुढे जाऊन दुःख देईल याचा हिशेब आधी मांडावा लागतो. म्हणून एपिक्युरस इच्छांची वर्गवारी करतो. काही नैसर्गिक आणि आवश्यक, म्हणजे भूक, तहान, निवारा. काही नैसर्गिक पण आवश्यक नसलेल्या, जसं चमचमीत जेवण. आणि काही निव्वळ पोकळ: सत्ता, कीर्ती, अमाप पैसा, ज्यांना शेवटच नाही. पहिल्या भागवायला स्वस्त, तिसऱ्या कधीच भागत नाहीत. एपिक्युरसचा साधेपणा आला तो या हिशेबातून. तो चैनीला पाप म्हणत नाही. चैनीची गरज ज्याला सर्वांत कमी, तोच तिची मजा सर्वांत जास्त घेतो, असं त्याचं म्हणणं.

राजकारणापासून दोघेही लांब राहिले. पण अरिस्टिपस सगळीकडे परका म्हणून हिंडला आणि दरबारात रमला. एपिक्युरसनं इ.स.पू. ३०६ च्या सुमाराला अथेन्समध्ये ८० मिना (त्या काळचं ग्रीक चलन) मोजून घेतलेल्या बागेत मित्र जमवले. त्यांत बायका होत्या, गुलामही होते. त्या काळच्या अथेन्समध्ये एवढ्यावरून कुजबुज सुरू व्हायला वेळ लागला नसणार. त्यात टिमोक्रेटिस नावाचा पंथ सोडून गेलेला एक शिष्य सांगत सुटला की गुरुजी इतकं खातात की दिवसातून दोनदा ओकतात. पुढे विरोधकांनी हेच उगाळलं. आपल्याकडे चार्वाकाचं नाव निघालं की ‘कर्ज काढून तूप प्या’ एवढंच आठवतं, आणि तेही ज्यांना तो खोडून काढायचा होता त्यांच्या ग्रंथांतून आलेलं; जात तीच. फक्त एपिक्युरसची तीन पत्रं आणि ४० सूत्रं त्याच लाएर्टियसच्या पुस्तकात टिकून राहिली, म्हणून त्याची बाजू त्याच्याच शब्दांत ऐकता येते.

दोघांची कसोटी लागते ती आजारपणात. सायरेनाइक म्हणत की शरीराचं दुःख मनाच्या दुःखापेक्षा मोठं. म्हणून तर गुन्हेगाराला शारीरिक शिक्षा देतात. जुन्या सुखाच्या आठवणीनं किंवा येणाऱ्या सुखाच्या आशेनं आताचं सुख तयार होत नाही, कारण ती हालचाल काळाबरोबर विरून जाते. हे धरून चाललं तर दुखणाइताच्या हातात काहीच उरत नाही. याच पंथातल्या हेगेसियसनं हा धागा शेवटपर्यंत ओढला: देहाला दुःखं इतकी की सुखी होणं अशक्यच. त्याच्या व्याख्यानांचा श्रोत्यांवर असा परिणाम होऊ लागला की इजिप्तच्या टॉलेमी राजाला ती बंद करावी लागली, असं रोमन लेखक सिसेरो सांगतो. सुखवादाचं टोक इथे येऊन पोचलं, ही गोष्ट मला त्या पंथाबद्दलच्या कुठल्याही टीकेपेक्षा बोलकी वाटते.

एपिक्युरस म्हणतो, शरीर फक्त आताचं भोगतं, मन मात्र मागचं आणि पुढचंही. म्हणून मनाचं सुखदुःख मोठं. इ.स.पू. २७० मध्ये हे त्याला स्वतःवर लागू करून पाहावं लागलं. मुतखड्यानं लघवी अडली होती, सोबत जुलाबाच्या कळा. त्या अवस्थेत त्यानं इडोमेनियस या मित्राला पत्र लिहिलं: आज माझ्या आयुष्याचा शेवटचा आणि आनंदाचा दिवस आहे, वेदना कमालीच्या आहेत, पण आपल्या जुन्या गप्पांच्या आठवणीनं होणारा आनंद मी त्यांच्यासमोर उभा केला आहे. सायरेनाइकांच्या हिशेबात हे बसत नाही.

सिसेरोला तर ते एपिक्युरसच्याच हिशेबात बसत नव्हतं. त्यानं हे पत्र लॅटिनमध्ये उतरवलं, त्या मरणाची वाहवा केली आणि वर विचारलं की सगळं सुख शेवटी शरीराशी जोडणाऱ्या माणसाला हा आनंद आला कुठून? पत्रात आणखी एक अडचणीची ओळ आहे. आधीच वारलेल्या मेट्रोडोरस या शिष्याच्या मुलांची काळजी घे, असं तो सांगतो; आणि हे सांगणारा माणूस जन्मभर शिकवत आला होता की मेल्यानंतरच्या कशाशीही आपला काही संबंध नाही.