थायरॉईडची सोनोग्राफी नॉर्मल, मग पॅराथायरॉईडचं काय?

चिठ्ठीवर लिहिलेलं असतं 'मानेची सोनोग्राफी, पॅराथायरॉईडसाठी', आणि पेशंट काउंटरवर गेल्या वर्षीचा थायरॉईडचा रिपोर्ट पुढे करतो. "हे झालंय की मॅडम. टीएसएचपण नॉर्मल आहे." त्याला तीनदा मुतखडा झालाय, रक्तातलं कॅल्शियम चढून ११.४ झालंय, आणि आम्ही तीच तपासणी दुसऱ्यांदा करून पैसे काढतोय असं त्याला वाटतंय. त्याचा राग मला चुकीचा वाटत नाही. घोळ नावातच आहे.

शाळेच्या पुस्तकात थायरॉईड म्हणजे अवटू ग्रंथी, पॅराथायरॉईड म्हणजे परावटू. 'परा' म्हणजे इथे फक्त शेजारची. थायरॉईड टी३ आणि टी४ ही संप्रेरकं बनवते, शरीराच्या कामाचा वेग ठरवते. पॅराथायरॉईडला त्या वेगाशी देणंघेणं नाही, तिचं लक्ष रक्तातल्या कॅल्शियमवर. ते घसरलं की ती पीटीएच हे आपलं संप्रेरक सोडते, हाडांतून कॅल्शियम काढायला लावते आणि मूत्रपिंडाला ते धरून ठेवायला सांगते. ग्रंथी बिघडून हे सतत चालू राहिलं की हाडं ठिसूळ होतात, मुतखडे होतात. आणि आपण हौसेने करतो त्या 'थायरॉईड प्रोफाईल'मध्ये पीटीएच नसतंच.

आता पडद्याकडे. खांद्याखाली उशी, मान मागे, गळ्यावर गार जेल. प्रोब आडवा ठेवला की मधोमध श्वासनलिकेची पांढरी कमान आणि तिच्यामागे हवेमुळे पडलेली धुरकट सावली. कमानीच्या दोन्ही अंगांना थायरॉईडचे दोन भाग, त्यांना जोडणारी काही मिलीमीटरची पट्टी पुढून गेलेली. निरोगी थायरॉईड उजळ राखाडी दिसते, बारीक रव्यासारखी एकसारख्या दाण्याची. तिच्यावरचे पट्ट्यांसारखे स्नायू तिच्याहून काळपट. बाहेरच्या अंगाला कॅरोटिड ही मेंदूकडे जाणारी धमनी, गोल, काळी, ठोके देणारी. तिच्याशेजारची ज्युग्युलर शीर मात्र प्रोब जरा दाबला की चपटी होते. प्रत्येक भाग ४ ते ६ सेंटीमीटर लांब, सगळी ग्रंथी १५ ते २५ ग्रॅमची. शोधावी लागत नाही.

निरोगी पॅराथायरॉईड शोधली तरी बहुधा सापडत नाही. बहुतेकांना चार असतात, थायरॉईडच्या पाठीला टेकलेल्या, मसुरीच्या दाण्याएवढ्या, वजन प्रत्येकी ३० ते ५० मिलिग्रॅम. आजूबाजूच्या चरबीत मिसळून जातात. एखादी फुगली की मगच उठून दिसते: उजळ थायरॉईडच्या मागे काळपट, भरीव, चिंचोक्यासारखा लांबट गोळा, आणि दोघांच्या मध्ये एक बारीक पांढरी रेघ. ती रेघ मला फार प्रिय आहे. ती स्पष्ट असेल तर गोळा बहुधा थायरॉईडच्या बाहेरचा. नसेल तर थायरॉईडचीच गाठ मागे डोकावत असेल, अशी शंका धरायची. ही शंका धरायलाच हवी, कारण पॅराथायरॉईडच्या गोळ्यात थायरॉईडची गाठ समजून सुई घातली, तर पेशी कधीकधी थायरॉईडच्याच फॉलिक्युलर गाठीसारख्या दिसतात आणि पेशंट भलत्याच वाटेला लागतो. सुई घालायचीच झाली तर सुईच्या धुवणात पीटीएच तपासून खात्री होते.

फसवणारे आणखी दोघं आहेत. एक लिम्फ नोड, म्हणजे मानेतल्या लसीका गाठी. नोडला मध्ये उजळ चरबी असते आणि रक्त तिथूनच आत शिरतं. पॅराथायरॉईडच्या गोळ्यात रक्तवाहिनी एका टोकाकडून येते, डॉपलरवर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, कडेने वळसा घेताना दिसते. हाशिमोटो या आजाराने सुजलेल्या थायरॉईडभोवती नोड बरेच असतात, तिथे जास्त जपून. दुसरी अन्ननलिका, डाव्या बाजूला थायरॉईडच्या मागून डोकावणारी. "एक घोट पाणी गिळा" म्हणायचं. आतून चमकते बुडबुडे सरकले की विषय संपला.

दोघींचं मूळही वेगळं. थायरॉईड गर्भात जिभेच्या मुळाशी तयार होते आणि खाली उतरते. खालच्या दोन पॅराथायरॉईड छातीतल्या थायमस ग्रंथीबरोबर उतरतात, आणि कधी त्याच्याबरोबर छातीतच जातात. अमेरिकेतले जहाजाचे कप्तान चार्ल्स मार्टेल यांच्या मानेवर याच आजारासाठी वारंवार शस्त्रक्रिया झाल्या. गोळा सापडला तो सातव्या शस्त्रक्रियेत, १९३२ साली, छातीत. (या ग्रंथी लंडनमध्ये रिचर्ड ओवेन यांना दिसल्या त्यासुद्धा माणसात नव्हे, प्राणिसंग्रहालयात मेलेल्या भारतीय गेंड्यात.)

छातीच्या हाडामागे आणि हवेमागे प्रोबला काही दिसत नाही. तिथे सेस्टामिबी (किरणोत्सारी औषध टोचून करायचा) स्कॅन किंवा सीटी लागतो. म्हणून मानेत गोळा मिळाला नाही आणि कॅल्शियम व पीटीएच दोन्ही चढलेलं असेल, तर थायरॉईडपुढे मी 'नॉर्मल' लिहिते आणि पॅराथायरॉईडपुढे 'दिसली नाही'.