दोन विमानतळांमधील हवाई अंतर आणि उड्डाणवेळ

दोन विमानतळांच्या अक्षांश-रेखांशांवरून त्यांच्यातील किमान अंतर काढून उड्डाणाला लागणाऱ्या वेळेचा अंदाज बांधण्याची रीत. हे अंतर बृहद्वृत्ताच्या, म्हणजे पृथ्वीच्या केंद्राभोवती काढलेल्या सर्वांत मोठ्या वर्तुळाच्या, कंसावर मोजतात. सपाट नकाशावरची सरळ रेषा इथे उपयोगाची नाही.

हॅवरसाइन सूत्र त्यासाठी पुरेसे आहे. अक्षांशांतील फरकाच्या निम्म्याच्या साइनचा वर्ग घ्यावा. रेखांशांतील फरकाच्या निम्म्याच्या साइनचा वर्ग करून त्याला दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनने गुणावे. दोन्हींची बेरीज करावी. तिच्या वर्गमूळाचा व्यस्त साइन रेडियनमध्ये काढून त्याला २ × ६,३७१ ने (६,३७१ किमी ही पृथ्वीची सरासरी त्रिज्या) गुणले की किलोमीटर मिळतात. मुंबई (१९.०८९° उ., ७२.८६८° पू.) आणि दिल्ली (२८.५६६° उ., ७७.१०३° पू.) यांचे उत्तर १,१३८ किमी, म्हणजे सुमारे ६१५ सागरी मैल येते. पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी असल्याने यात अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो.

चुका बहुधा आकडे भरताना होतात. १९° ५′ म्हणजे १९.०८३°, ते १९.०५ लिहिले तर स्थान पावणेचार किलोमीटर सरकते. पश्चिम रेखांश उणे धरायचे असतात. न्यूयॉर्कचे चिन्ह चुकले तर उत्तर उघडच विचित्र येते. लंडनचे हीथ्रो ०.४६° पश्चिमेला असल्याने तिथे मुंबईपासूनचे अंतर जेमतेम ६५ किमीने बदलते आणि चूक नजरेतून निसटते. गोव्यासाठी दाबोळी की मोपा हे आधी ठरवावे. दोहोंत सुमारे ४० किमी अंतर आहे.

वेळ काढताना मात्र नुसत्या भागाकारावर विसंबू नये. मुंबई-दिल्लीचे अंतर ८३० किमी/तास या वेगाने भागले तर ८२ मिनिटे येतात. चढण-उतरणीतला कमी वेग आणि मार्गातले वळसे यांसाठी साधारण अर्धा तास मिळवावा. वेळापत्रकातली वेळ याहूनही जास्त असते, कारण ती विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंतचे टॅक्सिंग, रांग आणि उतरण्यापूर्वी हवेत घालाव्या लागणाऱ्या घिरट्या यांची तरतूद तिच्यात असते.

लांब पल्ल्यावर वारा निर्णायक ठरतो. मुंबई-लंडन सुमारे ७,२१० किमी आहे. हवेतला वेग ९०० किमी/तास आणि पश्चिमेकडून वाहणारा वारा सरासरी ६० धरला, तर जाताना ८ तास ३५ मिनिटे आणि येताना साडेसात तास लागतील. शिवाय वर सांगितलेली अर्ध्या तासाची भर. हिवाळ्यात जेट प्रवाह (उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे) जोरदार असल्याने ही तफावत वाढते. हवाई हद्द बंद झाली तर सूत्रातले अंतर तेच राहते, मार्ग लांबतो. २०१९मध्ये पाकिस्तानची हद्द बंद असताना दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना गुजरात व अरबी समुद्रावरून वळसा घालावा लागला.

तिकिटावरच्या वेळा स्थानिक असतात. दोन्ही आधी यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) बदलाव्यात, मगच वजाबाकी करावी. भारतीय वेळेतून नेहमी साडेपाच तास वजा होतात. लंडनच्या वेळेतून मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत एक तास, एरवी काहीच नाही. मुंबईहून दुपारी १ला निघून उन्हाळ्यात लंडनला संध्याकाळी ६ला पोहोचणारे विमान ५ नव्हे, साडेनऊ तास घेते.